राणादाचं बोलणं आणि आई

मंगळवार, रात्रीचे साडेदहा

आज दुपारपासून आमच्या बेळगावच्या वडगावात पाऊस धरलाय, लाईट गेलेली म्हणून शेजारचे माग पण बंद, त्यामुळं कधी नव्हे ती गल्लीत शांतता आणि घरात आईचा मोबाईल मोठ्यानं चालू. बघते तर 'तुझ्यात जीव रंगला'चे पहिल्या वर्षाचे भाग लावून बसलेली. २०१६ ला चालू झालेली सिरीयल, राणा तिचा नायक, २०२१ ला संपली पण. म्हटलं आई हे काय आता, तर म्हणाली, "बस की जरा. ह्यो खरा राणा हाय बघ, नंतरचा न्हवं."

आईचं माहेर निपाणी. तिथनं कोल्हापूर चाळीसएक किलोमीटर, आणि शूटिंग कोल्हापूरजवळच्या वसगड्यात, म्हणजे तिच्यासाठी ते बोलणं घरचंच. माझा मामा तंबाखूच्या वखारीत आयुष्यभर राबला, तो अगदी तसाच बोलायचा. "चालतंय की" सगळ्यांनी राणाकडनं उचललं, आमच्या घरात ते मामाचं होतं. मामा गेल्यावर आई रोज संध्याकाळी ती सिरीयल कशासाठी लावायची हे मला तेव्हा कळलं नाही, आज कळलं.

मग २०१९ ला राणा गेला असं दाखवलं आणि त्याच चेहऱ्याचा राजा राजगोंडा आला. नट तोच, हार्दिक जोशी, त्याच्या कामात काही कमी नव्हती. पण साधाभोळा, मातीत वाढलेला पैलवान गडी जाऊन त्याच्या जागी भलताच माणूस उभा केलेला. आईनं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी त्या टायमाला भाकरी थापायला बसली. मी म्हटलं अगं तोच आहे, शेवटी राणाच निघणार, तर म्हणाली, "तोंड तेच हाय गं, बोलणं कुठाय?"

हे मला फार पटलं. सिरीयलच्या नावांत कथा, पटकथा आणि संवाद बऱ्याचदा वेगवेगळ्या माणसांची असतात, आठवड्याचे सहा भाग, दर गुरुवारी टीआरपी, आकडा पडला की चॅनेलकडनं ट्रॅक बदला, आणि मधेच लेखक बदलला तर नव्याला आधीचे पाचशे भाग कोण बघून सांगणार? माणूस तिथंच निसटतो. आणि आधी निसटते ती त्याची बोली. आम्हा सीमाभागातल्या लोकांचा कान ह्या बाबतीत तयार असतो, खानापूरचा कोण, निपाणीचा कोण, घरी कन्नड बोलणारा कोण हे आम्ही दोन वाक्यांत ओळखतो, तर रोज घरात येणारा माणूस बदललेला कळणार नाही होय?

बदलूच नये असं पण नाही. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका घरात राबणारी बाई होती, मसाल्याच्या धंद्यातनं कंपनीची मालकीण झाली. कोटींचे आकडे जरा घाईनं वाढले हे मान्य, पण मसाला तिच्या हातातच होता ना, म्हणून आईनं ते आनंदानं स्वीकारलं. राधिकाच्या नवऱ्याची मैत्रीण शनाया, तिचं काम करणारी मधे बदलली, रसिका सुनीलच्या जागी ईशा केसकर आली, ते पण चाललं. चेहरा बदलला तर माणसं चार दिवसांत सांभाळून घेतात, स्वभावाचं तसं होत नाही.

'आई कुठे काय करते'मधली अरुंधती तर आईची मैत्रीणच झालेली. घटस्फोट झाला, स्वतःच्या पायावर उभी राहिली, आशुतोषशी लग्न केलं, प्रत्येक पाऊल टाकायला तिला किती महिने लागले, आम्ही ते सगळं तिच्याबरोबर चाललो. आणि मग आशुतोषला अपघातात मारलं. आई त्या रात्री जेवली नाही. मला अजून राग आहे त्याचा, एवढ्या कष्टानं उभं केलेलं सुख कथा पुढं ढकलायला मोडायचं, त्या बाईनं अजून किती सोसायचं?

आज आईशेजारी बसून चार भाग बघितले. एका सीनला तिनं मोबाईल माझ्या हातातनं घेतला, मागं नेला, परत ऐकला. राणा पाठकबाईंशी, म्हणजे सिरीयलच्या नायिकेशी, काहीतरी साधंच बोलत होता. आई हसली आणि पदरानं डोळे पुसले, मी काही विचारलं नाही.

आत्ता आतून परत तोच आवाज येतोय. उद्या निपाणीला मामीला फोन करायचाय, तिच्या मोबाईलवर हे भाग कसे लावायचे ते सांगायला.