पेटा

रविवार, आखाडातला शेवटचा

भांडी कधीच घासून झाली, सगळे झोपलेही, पण माझ्या डोक्यातून ते जात नाही. आईने आज कोंबडीचा पेटा माझ्या ताटात वाढला. काही न बोलता. अण्णा समोरच बसले होते.

पेटा म्हणजे कोंबडीची दाणे भरडणारी जाड पिशवी, एका कोंबडीत एकच. आमच्याकडे तो अण्णांचा, त्यावर कधी बोलणंच झालं नाही. कलेजी पोरांना, रक्त वाढतं म्हणून. तंगड्या पाहुण्यांना. मान आणि पाय आईकडे. दादा आणि मी त्या पेट्याकडे टक लावून बसायचो. अण्णा कधीतरी इवलासा तुकडा तोडून द्यायचे, तोही आधी दादाला.

युरिक अ‍ॅसिड वाढल्यापासून डॉक्टरांनी अण्णांचं कलेजी-पेटा बंद केलंय. आतल्या मांसात प्युरीन जास्त, त्याचंच युरिक अ‍ॅसिड होतं आणि सांधे धरतात. मध्यंतरी पायाच्या अंगठ्याला नुसती चादर लागली तरी ते कळवळायचे. म्हणजे कारण सरळ आहे. तरी मला घास गिळवेना.

कोंबडी मीच आणली होती सकाळी, रबाळ्याहून, गावठी. आईने ओट्यावर पेट्याला कडेने चीर दिली तशी आतून वाळू, बारके खडे आणि हिरव्या काचेचा एक तुकडा निघाला. काचेच्या कडा झिजून पार गुळगुळीत. कोंबडीला दात नसतात; ती खडे गिळते आणि पेट्यात त्यांच्याबरोबर दाणे भरडले जातात, जात्यात भरडावेत तसे. मग आईने आतली पिवळी साल नखाने सोलली. अख्खी निघाली. ब्रॉयलरच्या पेट्यात असे खडे-काचा सहसा सापडत नाहीत. तो पक्षी जेमतेम 6 आठवड्यांचा, तयार खाद्यावर वाढलेला. त्याचा पाव किलो पेटा ऐरोलीत केव्हाही मिळतो. मी आणतो, कांद्यावर परततो, आवडीने खातो. पण तो कुणाच्या वाटणीचा नसतो.

दुपारी पडल्या पडल्या वाटत होतं, झालं, आता सगळं आपल्याच ताटात. अण्णांच्या तपासण्या, सोसायटीची भांडणं, गावच्या घराचं छप्पर. दादा पुण्याला. त्याच्याशी एकदा नीट बोलायला हवं, पण ते राहू दे. मला कुणी विचारलंसुद्धा नाही, घेतोस का म्हणून.

अण्णांनी मात्र विचारलं, "शिजलाय का नीट?"

"थोडा चिवट आहे."

"गावठी आहे ती. अजून दोन शिट्ट्या हव्या होत्या. सावकाश चाव."

आणि मी संपवेपर्यंत बघत राहिले. त्या बघण्यात राग नव्हता, हे मी दुपारपासून स्वतःला सांगतोय. हेवा होता का? थोडा असेलही. असला तर असू दे, इतकी वर्षं खाल्लेली गोष्ट आहे. पण जास्त करून त्यांना चव कशी झालीय ते हवं होतं, आणि मी नुसतं चिवट म्हणून मोकळा झालो. खरं तर मसाला आतपर्यंत मुरला होता. उद्या चहाच्या वेळी सांगेन त्यांना.

रात्री आईला विचारलं, मलाच का वाढलास. ती म्हणाली, "मग काय टाकून द्यायचा होता?"

बरोबर आहे तिचं. मगाशी बराच हलका झालो ते ऐकून. आता श्रावण लागतोय, घरात मटण-मच्छी बंद. पुढची कोंबडी गौरीच्या तिखटाच्या नैवेद्याला. तेव्हा दादा घरी असेल. पेटा कुणाला, ते आई बघेल.