वाऱ्याची वर्दी

परवा दुपारी मेट्रोच्या गिरगाव स्थानकाच्या भुयारी फलाटावर उभा असताना, गाडी येते आहे का हे पाहण्यासाठी मी सवयीने मान पुढे काढली आणि कपाळ काचेवर आपटले. शेजारच्या मुलीने हसू दाबत मोबाइलमध्ये डोके घातले. फलाट आणि रूळ यांच्यामध्ये जमिनीपासून वरपर्यंत काचेची भिंत असते, हे मला माहीत नव्हते असे नाही. पण मानेला ते कोणी सांगितलेले नव्हते.

ही मान चर्नी रोडच्या फलाटावर घडली. आजोबांबरोबर दादरला जायचे असले की मी पिवळ्या पट्टीवर उभा राहून मरीन लाइन्सच्या दिशेला वाकत असे आणि माझ्या सदऱ्याचे मागचे टोक आजोबांच्या मुठीत असे. गाडी दिसण्याआधी रूळ बारीक गुणगुणू लागत. आजोबा रुळांकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत असले, तरी न वळता ‘आली’ म्हणत.

भुयारात ही वर्दी खरे तर वारा देतो. बोगद्याच्या भिंती गाडीला इतक्या जवळ असतात की, पुढची हवा बाजूने सहज निसटू शकत नाही. पिचकारीतल्या दट्ट्यासारखी गाडी ती पुढे रेटत आणते. कोलकात्याची मेट्रो १९८४ साली सुरू झाली, देशातली पहिली. तिथल्या फलाटावर काही वर्षांपूर्वी मी उभा होतो, तेव्हा आधी कागदाचा एक कपटा हलला, मग बायकांचे पदर, आणि त्यानंतर कितीतरी वेळाने दिवा दिसला. आजोबांना ती गाडी आवडली असती.

आपल्या आरे ते कफ परेड मार्गावर त्या वाऱ्याला काचेपलीकडेच थोपवले आहे. त्यामुळे स्थानकातला गारवा बोगद्यात वाहून जात नाही आणि कोणी रुळांवर पडत नाही. गाडीचे दार आणि काचेचे दार नेमके समोरासमोर येईल अशी ती थांबवायची, हे काम संगणक करतो. साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानके, त्यांतले एकटे आरे तेवढे जमिनीवर. बोगदे खणणाऱ्या सतरा यंत्रांना वैतरणा, तानसा, गोदावरी, कृष्णा अशी नद्यांची नावे दिली होती, हे मला फार आवडते. मिठी नदीच्या पोटाखालूनही हा मार्ग जातो, पण तिचे नाव कोणत्या यंत्राला दिल्याचे ऐकले नाही. गिरगावात तर वर चाळी आणि बोळ, म्हणून सगळे वरून उघडे खणण्याची सोय नव्हती. स्थानकाचा बराच भाग आतल्या आत खडक फोडून काढावा लागला. ज्या चाळीत आजोबा पाणी भरायला पहाटे उठत, तिच्याच खाली कुठेतरी मी उभा होतो, आणि तिथे चांगलेच गार होते.

गाडी आली तीही न सांगता. काचेत माझा चेहरा होता, तो पुसला जाऊन तिथे डबा दिसू लागला एवढेच. दारे उघडली. आत बसायला भरपूर जागा होती, तरी मी दारापाशीच उभा राहिलो. वारा तिथेही नव्हता.