एडमंडला कुणी सांगितलं का?

"मावशी, पण एडमंडला हे कुणी सांगितलं का?" नार्नियाच्या पिक्चरमध्ये एडमंड नावाच्या पोराच्या बदल्यात सिंह दगडी मेजावर मेला आणि भाच्याने चिवड्याची वाटी तशीच हातात धरून विचारलं.

म्हटलं काय सांगायचं? तर म्हणे अगं याच्यामुळेच मेला ना तो, आणि हा तर मिठाईसाठी भावंडांशी गद्दारी करून बसलेला!

लहानपणापासून शरणपूरच्या चर्चमध्ये क्रूसावरची प्रवचनं ऐकतेय, असं कुणी विचारल्याचं आठवत नाही. रात्री पुस्तकच काढलं, सी. एस. लुईसचं नार्नियाचं, १९५० चं. त्यात एडमंडच्या बहिणीला, ल्यूसीलाही नेमकं हेच पडलंय, एडमंडला सांगायला नको का, तर दुसरी बहीण सुझन म्हणते नको, फार भयंकर वाटेल त्याला. तेवढ्यात दोघींचं बोलणं तुटतं.

आमच्याकडे येशू आपल्यासाठी मेला हे दर रविवारी सांगतात, इतक्यांदा की भयंकर वगैरे काही वाटतच नाही (पाळकसाहेब रागावू नका).

भाचा रविवारी परत येतोय. सुझनचं पटवू त्याला की ल्यूसीचं?