63 वा रस्ता आणि वाढीव कराची झोळी

शिकागोत घर घेतल्यानंतर मालमत्ता कराचे पहिले बिल हाती आले, तेव्हा शाळा, उद्याने, ग्रंथालय, काउंटी अशा ओळखीच्या मथळ्यांच्या जोडीला त्यात टिफ नावाची एक ओळ दिसली. हा काहीतरी किरकोळ अधिभार असावा असे समजून मी ती सोडून दिली. शहराच्या अर्थकारणावर गेली चाळीस वर्षे चाललेला मोठा वाद त्या एका ओळीत दडलेला आहे, हे कळायला मला दोन वर्षे लागली, आणि तेही ग्रीन लाइन या शहरी रेल्वेने दक्षिणेला हॉल्स्टेड स्थानकापर्यंत जाऊन एका सार्वजनिक बैठकीत बसल्यावर.

हे स्थानक इंगलवूड वस्तीत येते. 63 वा रस्ता आणि हॉल्स्टेड रस्ता यांचा चौक एकेकाळी लूप या मध्यवर्ती भागाखालोखाल शहरातली सर्वांत गजबजलेली बाजारपेठ होता. 1960 मध्ये इंगलवूडची लोकसंख्या सुमारे 97,000 होती. 2020 च्या जनगणनेत ती सुमारे 24,000 भरली. कृष्णवर्णीय कुटुंबांना बँकांनी नाकारलेली गृहकर्जे, गोऱ्या कुटुंबांचे उपनगरांकडे स्थलांतर, बंद पडलेले कारखाने अशी याची कारणे सर्वश्रुत आहेत. मात्र उन्नत मार्गावरून जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून ती कारणे दिसत नाहीत. दिसतात ते दोन घरांच्या मध्ये दात पडल्यासारखे रिकामे भूखंड.

आता त्या ओळीविषयी. टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग, म्हणजेच टिफ, ही पद्धत कॅलिफोर्नियाने 1952 मध्ये सुरू केली. इलिनॉय राज्याने 1977 मध्ये तसा कायदा केला आणि शिकागोतले पहिले टिफ क्षेत्र 1984 मध्ये हॅरॉल्ड वॉशिंग्टन महापौर असताना लूपमध्ये आखले गेले. मोडकळीला आलेल्या भागाभोवती एक रेषा आखायची आणि त्या दिवशीचे तिथल्या मालमत्तांचे करपात्र मूल्य गोठवायचे. समजा ते 10 कोटी डॉलर आहे. पुढे ते 15 कोटी झाले, तर शाळा, उद्याने आणि काउंटी यांना त्या क्षेत्रातून 10 कोटींवरचाच कर मिळत राहतो. वरच्या 5 कोटींवरचा कर 23 वर्षे त्या क्षेत्राच्या स्वतंत्र निधीत जमा होतो, आणि राज्य विधिमंडळाने मुदत वाढवली तर आणखी 12 वर्षे. हा पैसा रस्ते, जलवाहिन्या, जमिनीची सफाई किंवा विकासकाला परतावा यांसाठी त्याच क्षेत्रात, फार तर लगतच्या टिफ क्षेत्रात, खर्च करता येतो. सरकारी मदतीशिवाय तिथे विकास झालाच नसता असे दाखवणे कायद्याने बंधनकारक आहे. अर्थात, न घडलेल्या गोष्टीचा पुरावा कोणाला देता येणार आणि कोणाला खोडता येणार?

कागदावर ही कल्पना सुंदर आहे, कारण नवा कर न लावता विकासानेच विकासाचा खर्च भागवायचा असतो. मुंबईच्या वाचकांना यात वाढीव चटईक्षेत्राच्या बळावर होणाऱ्या पुनर्विकासाची आठवण होईल, आणि ती रास्तच आहे, कारण दोन्हींचा जीव भाव चढण्यात आहे. भाव चढलाच नाही, तर झोळीत काही पडत नाही. इंगलवूडमध्ये जमिनीला इतकी कमी मागणी होती, की 2014 मध्ये महापालिकेने आपल्या मालकीचे रिकामे भूखंड त्याच गल्लीत मालमत्ता असलेल्यांना प्रत्येकी 1 डॉलरला विकण्याची योजना काढली, आणि तिची सुरुवात याच परिसरातून केली.

उलट टोकाचे उदाहरण लिंकन यार्ड्स या विकास प्रकल्पाचे. नदीकाठच्या जुन्या पोलाद कारखान्याच्या परिसरातली ही जागा लिंकन पार्क आणि बकटाउन या सधन वस्त्यांच्या मधोमध आहे. एप्रिल 2019 मध्ये, महापौर राम इमॅन्युएल यांच्या कारकिर्दीच्या अगदी अखेरीस, नगरपरिषदेने या प्रकल्पासाठी 1.3 अब्ज डॉलरपर्यंतच्या टिफ निधीला मंजुरी दिली. न्याय्य बोलायचे तर ही रक्कम विकासकाच्या हातात रोख ठेवलेली नव्हती. त्याने आधी पूल आणि रस्ते बांधायचे आणि नंतर वाढीव करातून परतफेड घ्यायची, असा करार होता, आणि तो प्रकल्पही पुढे रखडला. तरीही ज्या जागेकडे गुंतवणूकदारांचे लक्ष आधीच होते, तिच्यासाठी मोडकळीला आलेल्या वस्त्यांचे साधन वापरले गेले, ही गोष्ट उरतेच. माझ्या मते हा केवळ राजकारण्यांच्या हेतूचा प्रश्न नाही. भाववाढीवर चालणारे यंत्र भाव चढणाऱ्या जागेकडेच ओढले जाणार; ते कोणाच्याही हाती दिले तरी कल तोच राहील.

इंगलवूडला टिफचा पैसा कधी मिळालाच नाही, असेही नाही. त्याच चौकात होल फूड्स या किराणा साखळीचे दुकान यावे म्हणून महापालिकेने जागा तयार करण्यावर 1 कोटी 7 लाख डॉलर टिफ निधी खर्च केला. ताजी भाजी दुर्मिळ असलेल्या वस्तीत महागडी म्हणून ओळखली जाणारी साखळी सप्टेंबर 2016 मध्ये सुरू झाली, त्याचा मोठा गाजावाजा झाला, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये दुकान बंद झाले. पुढे तिथे सेव्ह अ लॉट ही स्वस्त किराणा साखळी आली. तिला रहिवाशांचा बराच विरोध झाला, आणि तो भाजीच्या दर्जाइतकाच या गोष्टीला होता, की आम्हाला विचारले कोणी?

मी ज्या बैठकीला गेलो होतो, तिथे सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंनी हाच धागा पकडला. लहानपणी आईबरोबर शनिवारी याच चौकात खरेदीला येत असल्याचे त्यांनी सांगितले, आणि मग आपल्या क्षेत्राच्या निधीत आज नेमके किती डॉलर आहेत, एवढा एकच प्रश्न विचारला. उत्तर देणाऱ्याने नकाशा दाखवला, टप्पे दाखवले, भागीदारीविषयी सांगितले. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

तो प्रश्न शाळांनाही लागू पडतो. शिकागोतल्या मालमत्ता कराचा निम्म्याहून अधिक वाटा शाळा मंडळाचा असतो, आणि शहरातल्या टिफ क्षेत्रांत अलीकडे वर्षाला 1 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम जमा होते. महापालिकेने त्यातली काही रक्कम अतिरिक्त म्हणून जाहीर केली, तरच शाळांना आपला वाटा परत मिळतो. त्यामुळे दर वर्षी अर्थसंकल्पाच्या हंगामात शिक्षक संघटना आणि महापालिका यांच्यात यावरून ओढाताण चालते. कॅलिफोर्नियाने तर अशाच तक्रारींनंतर 2012 मध्ये आपल्या पुनर्विकास संस्था बंद करून टाकल्या.

शिकागोने मधला रस्ता धरला आहे. एप्रिल 2024 मध्ये नगरपरिषदेने घरे आणि आर्थिक विकास यांसाठी पाच वर्षांत 1.25 अब्ज डॉलरचे कर्जरोखे काढण्यास मंजुरी दिली. मुदत संपणारी टिफ क्षेत्रे संपू द्यायची, त्यांचा वाढीव कर नेहमीच्या तिजोरीत परतला की महापालिकेच्या वाट्यातून कर्ज फेडायचे, आणि कर्जाचा पैसा कोणत्याही रेषेची अडचण न होता गरज असेल तिथे वापरायचा, अशी ही रचना आहे. व्याजाचा बोजा पडेल, हे खरे. तरी मला हा बदल बरा वाटतो, कारण एखाद्या वस्तीला पैसा मिळण्यासाठी तिथला भाव आधी चढलेला असण्याची अट त्यात नाही.

बैठकीनंतर स्थानकाकडे परतताना एका गल्लीत कुंपण घातलेला भूखंड दिसला. आत टोमॅटोचे वाफे होते आणि एक माणूस पाइपने पाणी घालत होता. हा त्या 1 डॉलरवाल्या भूखंडांपैकी आहे का, असे मी विचारले. तो हो म्हणाला, आणि कुंपणाला मात्र त्याहून पुष्कळच जास्त खर्च आला, असे सांगून हसला.