झोपेची वेळ अडीच तास अलीकडे आणताना

रात्री दीडला झोपून सकाळी साडेआठला उठायचो. मला अकरा ते सहा झोपायचं होतं. फरक १५० मिनिटांचा. एका रात्रीत एवढी उडी मारणारे आरंभशूर चार दिवसांत मूळपदावर येतात आणि स्वतःला आळशी ठरवतात. यात आळसाचा संबंध फारसा नाही. माणसाच्या शरीराचं घड्याळ सरासरी २४ तासांहून किंचित लांब चालतं, त्यामुळे झोप उशिरा नेणं सोपं आणि अलीकडे ओढणं जड. म्हणून पायरी १५ मिनिटांची ठेवली, प्रत्येक पायरीवर निदान चार दिवस. दहा पायऱ्या, कागदावर ४० दिवस. प्रत्यक्षात दोन महिने लागले.

आधी उठण्याची वेळ बदलायची, झोपण्याची नव्हे. ठरवून डोळा लागत नाही, गजर मात्र ठरवून लावता येतो. १५ मिनिटं आधी उठलं की झोपेची ओढ त्या दिवशी थोडी लवकर साचू लागते आणि रात्रीची वेळ एक-दोन दिवस मागून सरकत येते. पापण्या जड झाल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करत बसायचं. अंथरुणात तळमळण्याची एकदा सवय लागली की अंथरूण पाहूनच झोप उडते.

खरं काम उजेड करतो. उठल्यावर तासाभरात २० ते ३० मिनिटं उघड्यावर जायचं. घरातल्या दिव्यांचा उजेड दोन-तीनशे लक्स असतो, ढगाळ आभाळाखालीसुद्धा काही हजार. पण इथे एक खोच आहे. शरीराचं तापमान नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी साधारण दोन-तीन तास सर्वांत खाली जातं. त्याच्या आधी प्रखर उजेड डोळ्यांत गेला तर घड्याळ अलीकडे येण्याऐवजी आणखी उशिराकडे सरकतं. साडेआठला उठणारा एकदम पाचला उठून सगळे दिवे लावतो तेव्हा नेमकं हेच होण्याची शक्यता असते. १५ मिनिटांच्या पायरीत हा धोका नाही.

सातव्या पायरीवर, पावणेसातला, गाडं अडलं. गजराला उठत होतो, पण रात्री साडेबाराच्या आत झोप येईना. कारण संध्याकाळची कॉफी. कॅफिनचं प्रमाण शरीरात निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाला घेतलेल्यातलं निम्मं अकराला शिल्लकच. कॉफी दुपारी दोनपर्यंतच ठेवली, झोपण्याआधीचे दोन तास दिवे मंद केले, मगच पुढची पायरी घेतली. दुपारी डुलकी लागलीच तर २० मिनिटं, तीनच्या आत.

पुढच्या पायरीवर कधी जायचं? चारपैकी तीन दिवस गजर झाल्यावर १५ मिनिटांत उठलो आणि दुपारी पेंग आली नाही, तर. नाहीतर तिथेच मुक्काम. एखादा दिवस चुकला तर भरपाई करायची नाही, दुसऱ्या दिवशी तीच वेळ. सलग तीन चुकले तर एक पायरी उतरायची. सुट्टीच्या दिवशी फार तर तासभर सवलत. दोन तास लोळलं की सोमवारी दोन पायऱ्या गेलेल्या असतात.

२१ दिवसांत सवय लागते, हा हिशेब मी पहिल्याच दिवशी सोडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साधी कृती अंगवळणी पडायला मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला २५४. मधला एखादा दिवस बुडाल्याने फारसं बिघडलं नव्हतं.

पाळीत काम करणाऱ्यांना आणि झोपेत श्वास अडकणाऱ्यांना ही रीत लागू नाही. त्यांनी आधी डॉक्टर गाठावा. माझा सहाचा गजर अजून चालू आहे, कारण आठवडाभर जागरण झालं की घड्याळ पुन्हा उशिराकडे सरकतं आणि मला परत सव्वासहाच्या पायरीवर उतरावं लागतं.