देवगिरीच्या ग्रंथावरून एक रचना : मधल्या भागाची नोंद

बासरी, संबळ आणि तानपुरा यांच्यासाठी हाती घेतलेल्या रचनेचा मधला भाग आता बऱ्यापैकी उभा राहिला आहे. स्वतःच्या रचना करणाऱ्या मित्रांच्या उपयोगी पडावा, म्हणून त्यामागचा विचार येथे नोंदवतो.

आधार शार्ङ्गदेवांच्या 'संगीतरत्नाकरा'चा आहे. तेराव्या शतकात, सिंघण यादवाच्या आश्रयाने देवगिरीला सिद्ध झालेला हा ग्रंथ आम्हा मराठवाड्यातल्या मंडळींना विशेष जवळचा वाटतो. कोणता स्वर कोणत्या रसाला पोषक, हे त्यात सांगितले आहे : षड्ज-ऋषभ वीर, अद्भुत आणि रौद्राला, धैवत बीभत्स आणि भयानकाला, गांधार-निषाद करुणाला, मध्यम-पंचम हास्य आणि शृंगाराला. ही वाटणी जशीच्या तशी उचलून आजची सुरावट बांधता येत नाही, कारण षड्जग्रामातले, म्हणजे त्या काळच्या एका मूळ स्वररचनेतले, गांधार आणि निषाद दोन-दोन श्रुतींचे (श्रुती म्हणजे स्वरांमधले सूक्ष्म अंतर), म्हणजे आपल्या कोमल गांधार-निषादाच्या जवळचे आहेत. शिवाय स्वर नुसता लागून भागत नाही, तो अंश, म्हणजे सुरावटीचा मुख्य स्वर, व्हावा लागतो, बाकीच्या स्वरांनी त्याच्याभोवती वावरावे लागते.

म्हणून या भागात कोमल गांधाराला अंशत्व दिले आहे. बासरीची प्रत्येक ओळ त्याच्यावर विसावते. पण तानपुरा झंकारत असेपर्यंत कान षड्जालाच घर मानतो आणि गांधार वाटेवरचा थांबा ठरतो. तानपुरा हळूहळू विरत नेला, तेव्हाच गांधाराला खरे वजन आले. करुणाची छटा मला तिथे स्पष्ट जाणवते.

मांडणीसाठी बा. सी. मर्ढेकरांचा लयविचार घेतला. संवाद, विरोध आणि समतोल ही त्यांची तत्त्वे आपल्याकडे बहुधा साहित्याच्या वर्गातच अडकून राहिली. माझ्या मते रचनाकाराला ती फार कामाची आहेत. बासरीचे वाक्य संबळाने लयीत उचलणे हा संवाद, तेच वाक्य संबळाने मध्येच अडवणे हा विरोध. समतोल मात्र अवघड आहे, कारण तो समान लांबीने साधत नाही. चाळीस सेकंदांच्या दाट संबळाला तोलण्यासाठी जवळजवळ दोन मिनिटांची विरळ बासरी ठेवावी लागली.

संबळाचे ध्वनिमुद्रण तुळजापूरच्या एका ज्येष्ठ गोंधळ्यांकडून करून घेतले. "काका, मध्येच एकदम थांबलात तर चालेल का?" असे विचारल्यावर ते म्हणाले, "थांबतो की, पण बोल पुरा होऊ द्या." त्यामुळे शांतता आता बोल पूर्ण झाल्यावरच येते, आणि संबळाच्या दोन भांड्यांपैकी जाड आवाजाच्या भांड्याचा घुमारा तिच्यात थोडा वेळ रेंगाळतो. हे मला कागदावर सुचले नसते.

पुढचे काम शेवटच्या भागाचे. तानपुरा परत आणला की गांधार पुन्हा षड्जाच्या अधीन जाईल. तो न आणता संबळाच्या घुमाऱ्यालाच आधारस्वर करून पाहण्याचा विचार आहे, त्यासाठी बासरी त्या भांड्याच्या स्वराला जुळणारी घ्यावी लागेल.