आईच्या गोळ्या आणि काउंटीची नर्स

आईचा खोकला तीन आठवडे झाले तरी हटेना. संध्याकाळी अंग कोमट लागायचं आणि नेहमीचे ब्लाउज ढगळ व्हायला लागले होते. साताऱ्याहून आमच्याकडे येऊन तिला सहा वर्षं झाली, मधुमेह त्याआधीपासूनचा. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला, थुंकी तपासायला पाठवली. क्षय निघाला.

लगेच दुसऱ्या दिवशी फोन आला, लॉस एंजेलिस काउंटीच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडून. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा म्हणा. या एका काउंटीत सुमारे १ कोटी माणसं राहतात. कॅलिफोर्नियात क्षयाचा नुसता संशय आला तरी डॉक्टरांना कामकाजाच्या एका दिवसात आरोग्य विभागाला कळवावं लागतं. मला ते माहीत नव्हतं. सरकारी माणूस आईबद्दल विचारतोय म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला.

मग नर्स घरी आली. तोंडाला मास्क, हातात औषधांची पिशवी आणि फोनवर मराठी दुभाषी. तिने आधी आईला समजावलं की यात तुमचं काही चुकलेलं नाही. क्षयाचे जंतू लहानपणी कधीतरी शरीरात शिरतात आणि वर्षानुवर्षं झोपून राहतात; वय, मधुमेह यांनी प्रतिकारशक्ती कमी झाली की उठतात. व्हिसासाठी मुंबईत काढलेला एक्स-रे स्वच्छ होता, तो याचमुळे. अमेरिकेतले क्षयाचे बहुतेक रुग्ण असेच, जुना संसर्ग जागा झालेले.

पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने दोन. सोमवार ते शुक्रवार कुणीतरी यायचं आणि आईने गोळ्या गिळलेल्या स्वतःच्या डोळ्यांनी बघून जायचं. आपल्याकडे यालाच डॉट्स म्हणतात. या पद्धतीची मुळं आपल्याच देशात आहेत, हे मला नंतर कळलं. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयाच्या औषधोपचारांचं केंद्र सुरू झालं. घरी राहून औषध घेणारे रुग्ण सॅनिटोरियममधल्या रुग्णांइतकेच बरे होतात, हे तिथल्या अभ्यासाने दाखवून दिलं. आणि घरी औषध द्यायचं तर ते नेमाने घेतलं जातंय हे कुणीतरी बघायला हवं, हा धडाही तिथूनच जगाला मिळाला. हे ऐकून आई थोडी सैलावली. ‘म्हणजे आपल्याकडचंच आहे,’ म्हणाली. लघवी केशरी झाली तेव्हा मात्र फार घाबरली. तो एका औषधाचा नेहमीचा परिणाम असतो, एवढं नर्सने सांगितल्यावर तिला झोप लागली.

घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. आम्हा दोघांना लहानपणी बीसीजी टोचलेली. त्या लसीमुळे हातावरची चाचणी फसवू शकते, म्हणून आमचं रक्त तपासलं. चार वर्षांच्या लेकीची पहिली चाचणी चांगली आली, तरी तिला प्रतिबंधक औषध सुरू केलं. संसर्ग झाल्यावर चाचणीत दिसायला आठ-दहा आठवडे लागू शकतात आणि इतक्या लहान मुलांत हा आजार वेगाने वाढतो. दुसरीही चाचणी स्वच्छ आली, मग औषध थांबवलं. या सगळ्यात एकदाही पैशांवरून काही अडलं नाही.

हाच विभाग इथल्या हॉटेलांची तपासणी करतो. पायोनियर बुलेव्हार्ड या भारतीय दुकानांच्या रस्त्यावर डोसा खायला जाताना दारावर स्वच्छतेच्या श्रेणीचं जे ‘ए’ अक्षराचं कार्ड दिसतं ते यांचंच, १९९८ पासून सुरू आहे. कुत्रा चावला तर कळवायचं यांनाच. विमा नसलेल्या मुलांना लसी मिळतात. आपली माणसं मात्र तिकडे फिरकत नाहीत. ‘ते गरिबांसाठी’ किंवा ‘उगाच नाव नोंदलं जाईल’ असं म्हणत लांब राहतात. मीही त्यांच्यातलीच होते, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात अवघड गेली ती यादी. गेल्या काही महिन्यांत बंद खोलीत तासन् तास कुणाबरोबर बसलात, असं नर्सने विचारलं. आईला दर शनिवारचं भजन आठवलं आणि ती गप्प झाली. आठ बायका, बंद दिवाणखाना, दोन तास मोकळ्या गळ्याने गाणं. ‘नावं दिली तर मला कुणी दारात उभं करणार नाही,’ ती मला म्हणाली. तुमचं नाव कुणालाही सांगणार नाही, असा शब्द नर्सने दिला. तरी दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी आईने स्वतःच्या हाताने आठ नावं लिहून दिली.

आठपैकी एका मावशींच्या रक्तात झोपलेला संसर्ग सापडला. तो आईकडून आला की भारतातूनच बरोबर आला होता, हे सांगता येत नाही. त्यांना आजार नव्हता. पुढे होऊ नये म्हणून चार महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या.

थुंकी स्वच्छ झाल्यावर आईला घराबाहेर पडायची परवानगी मिळाली. त्याच आठवड्यात मावशी घरी आल्या. चहा घेता घेता म्हणाल्या, ‘अहो, आपल्यातल्या कुणाला तरी क्षय झालाय म्हणे. मलाही गोळ्या दिल्यात. पण कोण ते काही सांगत नाहीत.’

आईने कप खाली ठेवला. ‘मलाच झालाय,’ म्हणाली. ‘तुमच्या गोळ्या कधी असतात, सकाळी? मीही सकाळीच घेते.’